शिशाचा साचा: तेल कुठे लावायचं, कुठे नाही, आणि गंज कसा टाळायचा

पागाच्या (फेकून टाकायच्या जाळ्याच्या) कडेला ओवायचे शिशाचे मणी किंवा गळाच्या दोरीची वजनं घरी ओतणाऱ्यांची एक तक्रार दर मोसमात नव्याने ऐकू येते. नवा साचा पहिल्या वर्षी झकास माल देतो. दुसऱ्या वर्षी तोच साचा बाहेर काढला की मण्यांवर सुरकुत्या, सळईला धरून बसलेला मणी, करकरणारी बिजागरी आणि वजनाच्या कडेने आलेला शिशाचा पातळ पापुद्रा. कुणीतरी सांगतं, ‘तेल सोड की जरा.’ तेल सोडलं की बिजागरी मोकळी होते आणि सुरकुत्या दुपटीने वाढतात. मग वैतागून सगळं थिनरने पुसायचं, साचा कोरडाठाक करून फडताळात टाकायचा, आणि पुढच्या खेपेला तो तांबडा होऊन निघतो. पुन्हा तेल, पुन्हा सुरकुत्या.

यात दोष साच्याचा फारच क्वचित असतो. एकाच बाटलीतून आपण तीन निराळी कामं करून घ्यायला बघतो, तिथे गाडं अडतं. जिथे धातू धातूवर घासतो, म्हणजे बिजागरी, साच्याचे दोन ठोकळे नेमके जुळवणाऱ्या डॉवेल पिना आणि तोंडावरचं जादा शिसं कापणारी वरची सरकती पट्टी, तिथे ओतकाम चालू असताना तेलाचा थर हवा. जिथे शिसं जाऊन बसतं त्या पोकळीत तेलाचा अंशही नको. आणि साचा ठेवून देताना मात्र पोकळीसकट सगळीकडे तेल हवं, जे पुढच्या वेळी पूर्ण काढता आलं पाहिजे. ही तीन कामं मनात वेगळी ठेवली की बाकीचं बरंच आपोआप सुटतं.

यातलं पुष्कळसं ज्ञान आपल्याकडे आलं ते अमेरिकेतल्या नेमबाजीच्या सरावासाठी घरी गोळ्या ओतणाऱ्यांकडून. लायमनचे पोलादी साचे, ली प्रिसिजनचे अॅल्युमिनियमचे साचे वर्षानुवर्षं चालवून त्या मंडळींनी तेलाचं गणित पक्कं केलं. आपल्याकडे दारूगोळा बनवायला शस्त्र अधिनियम, १९५९ प्रमाणे परवाना लागतो, त्यामुळे गोळ्यांच्या वाटेला जायचं कारण नाही. पण शिसं तेच, ठोकळे तेच, उष्णताही तीच. जाळ्याच्या मण्यांना ते गणित जसंच्या तसं लागू पडतं, फक्त आपल्या बाजूने खारी हवा आणि पावसाळा यांची भर पडते.

आधी माल बघा, मग साचा

पहिली दहा-बारा वजनं ओळीने मांडा. ज्या क्रमाने ओतली त्याच क्रमाने. साच्याचं दुखणं त्यांच्या अंगावर दिसतं.

सुरकुत्या सगळ्या अंगभर आहेत, कडा गोलसर आल्या आहेत, आणि पाचव्या-सहाव्या वजनापासून त्या कमी होत गेल्या आहेत, तर साचा थंड होता. इलाज काही नाही, ओतत राहायचं. शुद्ध शिसं ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं. थंड ठोकळ्याला टेकताच त्याचा वरचा पापुद्रा गोठतो आणि मागून येणारं शिसं त्याच्यावर घडी घालतं. सुरुवातीची वजनं परत भांड्यात टाकायची हे गृहीतच धरा.

सुरकुती एकाच बाजूला आहे, दर वजनावर त्याच ठिकाणी आहे, तळ गुळगुळीत असलेला खळगा आहे आणि साचा चांगला तापला तरी ती हटत नाही, तर तिथे तेल आहे. वितळलेलं शिसं तेलाला भिडलं की तेलाची वाफ होते. ती वाफ शिशाला भिंतीपासून दूर धरते आणि तेवढ्या जागेचा खळगा राहतो. कधी त्या जागी तपकिरी डागही दिसतो. हा खळगा बहुतेक वेळा पिनेच्या किंवा बिजागरीच्या बाजूला सापडतो, कारण तेल तिथूनच आलेलं असतं. तापलेलं तेल पातळ होऊन दोन ठोकळ्यांच्या फटीतून पुढे सरकतं, दिव्याच्या वातीतून चढावं तसं. म्हणूनच ‘मी पोकळीत तेल लावलंच नव्हतं’ हे म्हणणं खरं असूनही सुरकुती येते.

वजनाचं एखादं टोक किंवा कोपरा भरलाच नाही, तर ठोकळ्यांच्या तोंडावरच्या बारीक रेघा बघा. त्या शोभेच्या नाहीत. शिसं आत येताना आतली हवा त्या रेघांमधून बाहेर जाते. जळकं तेल, काजळी किंवा शिशाचा कण तिथे अडकला की हवा कोंडते आणि कोपरा रिकामा राहतो.

कडेने पापुद्रा येत असेल तर ठोकळे पूर्ण मिटत नाहीत. बहुतेक लोक इथे मुठी जोरात आवळतात, काही जण कानस हातात घेतात. कानस कृपया लावू नका. ठोकळ्याचं तोंड एकदा कानसलं की ते पुन्हा सपाट होत नाही. साचा उजेडाकडे धरून मिटा आणि फट कुठे आहे ते बघा. तिथे टाचणीच्या डोक्याएवढा शिशाचा कण चिकटलेला असतो, नाहीतर डॉवेल पिनेच्या भोकाला खरखरीत कड आलेली असते. कण बांबूच्या काडीने निघतो. खरखरीत कड ही तेलाविना चालवल्याची खूण.

आणि वजन भुरकट, निस्तेज निघालं तर साचा जास्त तापला आहे. जाळ्याच्या मण्याला त्याने काही बिघडत नाही. मात्र इतका तापलेला साचा वरच्या पट्टीखाली शिसं फासतो, त्याबद्दल पुढे.

कोणतं तेल

स्कूटरच्या जमान्यात पेट्रोलपंपावर घातलं जायचं ते टू-टी ऑइल. आजही ऑटो स्पेअर्सच्या दुकानात छोट्या बाटलीत मिळतं. त्यातलं ‘फुल सिंथेटिक’ लिहिलेलं घ्या. हे तेल पेट्रोलबरोबर जळावं आणि मागे राख व डिंकासारखा थर कमीत कमी राहावा, याच हिशेबाने बनवलेलं असतं. चालू साचा साधारण दीडशे ते दोनशे अंशांवर असतो. त्या उष्णतेत हे तेल पातळ पण टिकाऊ थर धरून राहतं. साध्या इंजिन ऑइलचा तिथे काळा वार्निश होतो, आणि तो वार्निश बिजागरीत बसला की तेल नसण्यापेक्षा वाईट.

कोकणात प्रत्येक गंजलेल्या गोष्टीवर पहिला उपाय खोबरेल. कोयत्याला, अडकित्त्याला, कुलपाला ते चालतं. तापलेल्या साच्याला चालत नाही: ते धुरावतं, जळतं आणि चिकट तपकिरी कवच धरतं. ते कवच थिनरलाही दाद देत नाही.

ग्रीसचीही तीच गोष्ट. बाजारातलं नेहमीचं लिथियम ग्रीस १९० अंशांच्या आसपास वितळून ओघळतं. म्हणजे साचा ऐन रंगात आला की नेमकं तेव्हाच ते पोकळीच्या दिशेने वाहणार. डब्ल्यूडी-४० पाणी हाकलायला उत्तम आहे, भिजलेला साचा वाचवायला त्याच्यासारखं काही नाही. पण वंगण म्हणून किंवा वर्षभराचं संरक्षण म्हणून त्याच्यावर विसंबू नका.

मधमाशीचं मेण ही जुनी आणि चांगली गोष्ट आहे, विशेषतः अॅल्युमिनियमच्या ठोकळ्यातल्या पोलादी पिनांसाठी. ते साठ-पासष्ट अंशांना वितळतं, त्यामुळे कोमट साच्यावर टोकाने टेकवलं की लगेच पसरतं. त्रास एवढाच की प्रमाण हातात राहत नाही. मी स्वतः पिनांनाही टू-टीच वापरायला सांगेन.

किती आणि कधी

आधी साचा तापवायचा, मग तेल लावायचं. थंड साच्याला लावलेलं तेल तापताना पळतं आणि कुठे जाईल ते सांगता येत नाही. पहिली काही वजनं कोरडीच ओता. कान साफ करायच्या कापसाच्या काडीचं टोक तेलात बुडवा आणि ते टोक कागदावर दाबून जवळजवळ कोरडं करा. डागापुरतं तेल उरलं पाहिजे, थेंब नाही. काडी सुती आणि कागदाच्या दांडीची घ्या. प्लॅस्टिकची दांडी गरम ठोकळ्याला टेकली की वितळून चिकटते.

या काडीने डॉवेल पिनांची टोकं पुसा. बिजागरीच्या खिळ्याला स्पर्श करा. वरच्या पट्टीच्या बोल्टला आणि पट्टीच्या खालच्या अंगाला काडी एकदा फिरवा, ठोकळ्याच्या माथ्यावरही, पण पोकळीच्या तोंडापासून दोन-तीन मिलिमीटर लांब थांबा. मग दुसरी, कोरडी काडी घेऊन हे सगळं पुसून काढा. लावलेलं पुसायचं हे विचित्र वाटतं, पण पुसल्यानंतर जे डोळ्यांना दिसत नाही तेवढंच आपल्याला हवं असतं.

एवढ्यावर बराच वेळ निभावतं. पट्टी सरकवताना हाताला किंचित कोरडेपणा जाणवला की पुन्हा एकदा. घड्याळ लावून तेल घालू नका, हातावर विश्वास ठेवा. करकर ऐकू येण्याच्या आधी हाताला ती कळते. करकर ऐकू आली म्हणजे धातू धातूला ओरबाडायला लागला. अॅल्युमिनियमच्या साच्यात हे फार झटपट होतं, आणि एकदा पिनेचं भोक ओरबाडलं गेलं की दोन ठोकळे कायमचे किंचित तिरके मिटतात.

पट्टीच्या बोल्टचा आवळही इथेच तपासा. साचा आडवा धरला की पट्टी स्वतःच्या वजनाने सावकाश फिरली पाहिजे. त्याहून घट्ट असेल तर ती माथा खरवडते. सैल असेल तर खालून शिसं शिरतं.

पट्टीखाली फासलेलं शिसं

ओतलेल्या शिशाचं वरचं बोंड अजून मऊ असताना पट्टी फिरवली की ते कापलं न जाता फासलं जातं. ठोकळ्याच्या माथ्यावर आणि पट्टीच्या पोटाला चकचकीत पट्टा दिसतो. पुढच्या ओतण्यात त्या पट्ट्याच्या जाडीएवढी पट्टी उचललेली राहते, तिच्याखाली आणखी शिसं जातं, आणि दुखणं वाढत जातं. लोक इथे पट्टी हातोडीने मारतात. पट्टी वाकते. मग साचा गेला.

घाई न करणं हा अर्धा इलाज. बोंडाची चमक गेली आणि वर मध्यावर खळगी पडली की आणखी चार-पाच सेकंद थांबा. गोठताना शिसं आकसतं, ती खळगी त्याचीच. पट्टी लाकडी दांड्याने हलकेच फिरवायची. चिंचेच्या किंवा बाभळीच्या दांड्याला तोड नाही.

आधीच फासलेलं असेल तर साचा चांगला तापवा, पट्ट्यावर तीच टू-टीची ओलसर काडी फिरवा आणि बांबूच्या चपट्या काडीने घासा. गरम असताना तेलाखालून शिसं सुटून गोळा होतं. ते थंडपणी सुरीने किंवा पटाशीने खरवडू नका. माथ्यावर एक ओरखडा पडला की दरवेळी शिसं नेमकं त्या ओरखड्यात अडकणार.

शिसं ‘धरतं’ कशाने, हेही ध्यानात ठेवण्यासारखं आहे. शुद्ध शिसं लोखंडाला किंवा अॅल्युमिनियमला सहजी चिकटत नाही, दोन्हींच्या अंगावर ऑक्साइडचा पापुद्रा असतो. पण भंगारात रेडिओ-टीव्हीच्या सोल्डरचे तुकडे आले असतील तर शिशात कथील जातं, आणि कथील मिसळलेलं शिसं खरवडलेल्या, उघड्या पडलेल्या धातूला डाग दिल्यासारखं बसतं. पितळेच्या सळईला तर हमखास. मण्यांसाठी शिसं जितकं मऊ आणि निर्भेळ तितकं बरं. चिमट्याने दाबून बसवायची वजनं असतील तर मऊ शिसंच लागतं.

सळईत अडकलेला मणी

पागाच्या मण्याला आरपार भोक लागतं, त्यासाठी साच्यातून सळई जाते. शिसं गोठताना सळईवर आवळतं, म्हणून सगळ्यात जास्त शिव्या या सळईला बसतात. तेल लावलं तर भोकाच्या आत पोकळ्या येतात, मणी ठिसूळ होतो आणि ओवताना दोरी कापते. इथे तेल नाहीच लावायचं.

सळई स्टेनलेसची घ्या आणि लेथवाल्याकडून तिला एका टोकाकडे किंचित निमुळती करून आणा. डोळ्याला कळणार नाही एवढी पुरते. वर पॉलिश पेपरने लांबीच्या दिशेने चकचकीत करा, गोल फिरवून नाही. गोल रेघा मण्याला धरून ठेवतात. मग मऊ ६बी पेन्सिल सळईवर घासा. ग्राफाइट कोरडं वंगण आहे, या उष्णतेत ते जळत नाही आणि त्याची वाफ होत नाही. सळई ओढण्याआधी ती अर्धा वळसा फिरवा, मग ओढा. ठोकळे उघडण्याआधी सळई निघाली तर मणी सरळ राहतो.

काजळी

पोकळीला काजळी धरायची रीत जुनी आहे आणि तिच्यात तथ्य आहे. काजळीचा पातळ थर शिशाला भिंतीपासून वेगळं ठेवतो आणि उष्णता किंचित थोपवून धरतो, त्यामुळे शिसं कोपऱ्यापर्यंत पोचायला अवधी मिळतो. आगपेटीच्या काडीची किंवा लायटरची ज्योत साफ पोकळीखाली धरायची, राखाडी छटा आली की बस. मेणबत्ती टाळा, तिच्या धुराबरोबर मेणाचा अंश जातो आणि आपण पुन्हा तेलाच्या गोष्टीवर येतो. दाट काळा थर देऊ नका, हवेच्या रेघा बुजतात.

चांगल्या, साफ साच्याला काजळी लागतेच असं नाही. चिकटणाऱ्या साच्याला काजळी धरण्याआधी पोकळीच्या कडेवर नख फिरवून बघा. नख अडकलं तर तिथे बारीक धार आली आहे, आणि तीच वजनाला धरून ठेवते आहे. काजळीने ती जात नाही.

गंज: खरा शत्रू

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. होड्या शाकारल्या जातात, जाळी दुरुस्तीला निघतात, आणि शिसं ओतायचं कामही याच दोन महिन्यांत निघतं. म्हणजे वर्षातल्या सगळ्यात ओल्या हवेत साचा बाहेर येतो, आणि काम संपलं की त्याच ओल्या हवेत परत ठेवला जातो. साचे पहिल्याच वर्षात गंजतात याचं मोठं कारण हे वेळापत्रक आहे.

त्यात समुद्राचं मीठ. खाऱ्या वाऱ्याबरोबर येणारे मिठाचे बारीक कण सगळ्या पृष्ठभागांवर बसतात. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलंच पाणी ओढून स्वतः विरघळतं. आपल्याकडे पावसाळ्यात आर्द्रता त्याच्या वर राहते. म्हणजे साच्यावर पाण्याचा थेंब न पडताही त्याच्यावर खाऱ्या पाण्याचे अदृश्य ठिपके तयार होतात. घामाच्या हाताचा ठसाही तेच करतो. बिडाच्या आणि एमएसच्या (साध्या पोलादाच्या) साच्यावर नेमका बोटांच्या आकाराचा गंज उठलेला तुम्ही पाहिला असेल.

शेवटचं वजन साच्यातच राहू द्यावं, त्याने पोकळी झाकलेली राहते, असा सल्ला बरेच जण देतात. कोरड्या मुलखात तो चालत असेल. आपल्या किनाऱ्यावर मी त्याच्या पूर्ण विरोधात आहे. ओल्या, खाऱ्या हवेत दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले की त्यातला जास्त क्रियाशील धातू आधी झिजतो. शिसं आणि लोखंड यांत लोखंड जास्त क्रियाशील, आणि अॅल्युमिनियम तर त्याहून. म्हणजे आत ठेवलेलं शिसं आपला साचाच गंजाला खायला घालतं. पोकळी रिकामी करा.

ठेवण्याची पद्धत अशी. काम संपलं की साचा हवेवर कोमट होऊ द्या. पाण्यात बुडवून थंड करू नका, ठोकळे वाकतात. हाताला सोसवेल इतका झाला की कोरड्या सुती कापडाने पुसा, मऊ टूथब्रशने रेघा साफ करा. मग गंजरोधक तेलाचा पातळ थर पोकळीसकट सगळीकडे द्या. हार्डवेअरच्या दुकानात ‘रस्ट प्रिव्हेंटिव्ह ऑइल’ म्हणून मिळतं. नसेल तर शिलाई मशीनचं तेल दोन-तीन महिन्यांपुरतं चालतं. कोमट धातूवर तेल कानाकोपऱ्यात शिरतं आणि हवेतली ओल त्यावर बसलेली नसते. यानंतर उघड्या हाताने पोकळीला स्पर्श नको.

गुंडाळायला वर्तमानपत्र, पुठ्ठा किंवा चामडं वापरू नका, तिन्ही ओल धरून ठेवतात. यंत्रांचे सुटे भाग ज्या व्हीसीआय कागदात येतात तो मिळाला तर सोनं. त्याच्यातून सुटणारी गंजरोधक वाफ धातूवर बसते, मात्र डबा घट्ट बंद असेल तरच. रबरी कड असलेला हवाबंद डबा घ्या, आत सिलिका जेलची पुडी टाका. निळी जेल गुलाबी झाली, किंवा नारिंगी जेल हिरवी झाली, की तिचं पोट भरलं; १२० अंशांच्या आसपास तासभर तापवली की ती पुन्हा कामाला येते. निळ्या जेलमध्ये कोबाल्टचं संयुग असतं, ती स्वयंपाकाच्या भांड्यात किंवा ओव्हनमध्ये तापवू नका. तांदळाची पुरचुंडी हा पर्याय नाही.

गंज आलाच असेल तर घाबरायचं कारण नाही. वरवरचा तांबूस थर तेलात भिजवून दोन दिवस राहू द्या आणि पितळी ब्रशने सावकाश काढा. पोकळीच्या आत पॉलिश पेपर घालू नका, पोकळीचा आकार बदलतो आणि कडा गोल होतात. अॅल्युमिनियमच्या साच्यावर पांढरी भुकटी आली असेल तर गरम पाणी, भांडी घासायचं लिक्विड आणि टूथब्रश पुरे. धुण्याचा सोडा अॅल्युमिनियमला खातो, तो नको.

पुढच्या मोसमाची सुरुवात

साठवणीचं तेल पूर्ण काढणं हे सगळ्यात कंटाळवाणं काम आहे, आणि सुरकुत्यांचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं. अॅसिटोन किंवा चांगलं थिनर, मऊ ब्रश, दोन वेळा. दुसऱ्या वेळी नवं थिनर घ्या; त्याच वाटीत पुन्हा बुडवलं तर तेल फक्त पसरतं. हे काम मोकळ्या हवेत, शेगडी पेटवण्याच्या खूप आधी करायचं. थिनरची वाफ जमिनीलगत पसरते आणि लांबच्या ज्योतीने पेट घेते. ब्रेक क्लीनरचा स्प्रे वापरणार असाल तर त्यात क्लोरिनयुक्त द्रावक नाही ना हे डब्यावर वाचा. तसल्या द्रावकाचा अंश गरम धातूवर राहिला तर विषारी वायू निघतो.

आता साचा तापवणं. गॅसच्या ज्योतीवर थेट धरू नका. जळणाऱ्या गॅसमधून पाण्याची वाफ निघते आणि थंड ठोकळ्यावर ती दवासारखी जमते, शिवाय एकाच बाजूने तापून ठोकळे वाकतात. साचा शिशाच्या भांड्याच्या काठावर किंवा जाड तव्यावर ठेवून हळूहळू तापू द्या.

पाण्याची गोष्ट निव्वळ सुरकुत्यांपुरती नाही. पाण्याची वाफ होताना ते सुमारे सतराशे पट फुगतं. वितळलेल्या शिशाखाली थेंबभर पाणी सापडलं की भांड्यातलं शिसं उडून अंगावर येतं. जुन्या जाळ्यातून काढलेले मणी आत ओल धरून असतात, भोकात दोरीचे धागे असतात, मीठ असतं. असं भंगार थंड भांड्यात आधी भरायचं आणि मग जाळ लावायचा. वितळलेल्या शिशात ते वरून टाकणं म्हणजे डोळे गमावण्याची तयारी. पागोळीखाली, गळक्या पडवीत, रिमझिम चालू असताना अंगणात: कुठेच नाही. चष्मा, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, बंद बूट. सिंथेटिक कपडा कातडीला चिकटतो.

जुनी बॅटरी फोडून शिसं काढू नका, कितीही स्वस्त पडलं तरी. आम्ल आणि प्लेटांमधली संयुगं घरगुती शेगडीवर हाताळायची वस्तू नाही. २०२२च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे ती रीतसर परत जायला हवी. गाडीच्या चाकांची वजनं वापरत असाल तर त्यात जस्ताची मिसळलेली असतात. जस्त ४१९ अंशांना वितळतं, म्हणून भांडं चारशेच्या खाली ठेवलं तर जस्ताचं वजन तरंगत वर येतं आणि झाऱ्याने काढता येतं. एकदा ते विरघळलं की शिसं ओटमिलासारखं दाटतं आणि कुठलाही साचा नीट भरत नाही.

अंगात शिसं जातं ते मुख्यतः धुळीतून आणि हातातून. भांड्यावरची राखाडी मळी काढताना उडणारी भुकटी, साचा घासताना निघणारा चुरा, आणि मग त्याच हाताने विडी किंवा चहा. शिशाची सुरक्षित अशी पातळी माहीत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि लहान मुलांच्या मेंदूला त्याचा धोका सर्वांत जास्त. मुलं आणि गरोदर बाई आसपास नको. वारा पाठीशी घ्या. कढई, पळी, झारा कायमचे वेगळे ठेवा. मळी झाडायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची, फडकं डब्यात बंद करायचं. ओतकामाचे कपडे घरच्या धुण्यात नकोत.

साचा हाताबाहेर गेला असेल तर

गंजाने पोकळीत खड्डे पडले असतील तर कोणतंही तेल, काजळी किंवा ग्राफाइट ते भरून काढणार नाही. शिसं खड्ड्यात शिरून आतल्या आत कुलूप लागल्यासारखं बसतं. गोल पोकळी असेल तर लेथवाल्याकडून दोन्ही ठोकळे पिनांवर मिटवून एकत्र थोडी मोठी करून घेता येते. मणी थोडा जड निघेल, म्हणून पागाच्या मण्यांमधलं अंतर नव्याने बसवावं लागेल. दोन्ही ठोकळे सुटे-सुटे कोरून घेऊ नका, पोकळ्या एकमेकींवर बसत नाहीत. डॉवेल पिनांची भोकं सैल झाली असतील तर तीही त्याच वेळी एक नंबर मोठी करून नव्या पिना घालून घ्या, आणि साचा घरी आला की त्या पिनांना पहिल्या तापानंतर टू-टीची काडी लावायला विसरू नका.